सलोख्याचं बिल कोणाच्या नावावर?

तिमोर-लेस्तेची, म्हणजे पूर्वीच्या पूर्व तिमोरची, राजधानी डिली. त्या शहरातल्या एका पुलाला बी. जे. हबीबी यांचं नाव आहे. हबीबी म्हणजे इंडोनेशियाचे माजी राष्ट्राध्यक्ष. ज्या देशाच्या लष्कराने हे शहर चोवीस वर्षं टाचेखाली ठेवलं आणि जाताजाता पेटवून दिलं, त्या देशाचे प्रमुख. तिमोर-लेस्तेने २०१९ मध्ये पुलाला हे नाव दिलं. त्याच शहराच्या विमानतळाला नाव आहे निकोलाव लोबातो यांचं, आणि लोबातो १९७८ च्या शेवटच्या दिवशी त्याच लष्कराशी लढताना मारले गेले. एका गावात या दोन पाट्या सुखाने नांदतात.

२६ ऑक्टोबर २०२५ रोजी क्वालालंपूरला तिमोर-लेस्ते ‘आसियान’ या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचा अकरावा सदस्य झाला. अर्ज २०११ चा, म्हणजे उंबरठ्यावर चौदा वर्षं काढून मग घरात प्रवेश. अशा प्रसंगी एक गोड गोष्ट हमखास सांगितली जाते. जेमतेम तेरा-चौदा लाख वस्तीच्या देशाने मन मोठं केलं, छळणाऱ्या शेजाऱ्याला क्षमा केली, आणि आज दोघे एका टेबलावर बसले आहेत. ऐकायला छान वाटतं, पण मला या गोष्टीत खोट दिसते. क्षमा माणसं करतात, आणि तीही ज्यांच्या घरातलं माणूस गेलं ती माणसं. देश हिशेब करतात. तिमोर-लेस्तेचा इंडोनेशियाविषयीचा हिशेब बरोबर होता, असंच माझं मत आहे. माझी तक्रार निराळी आहे. या हिशेबाचं बिल ज्यांच्या नावावर फाडलं, त्यांना आधी विचारलं नाही आणि नंतर त्यांची भरपाईही केली नाही. ती करायला पैसे होते, इंडोनेशिया आडवा येत नव्हता, तरीही.

आधी थोडा इतिहास. एप्रिल १९७४ मध्ये पोर्तुगालात हुकूमशाही कोसळली आणि तिच्याबरोबर वसाहतीही सुटू लागल्या. पूर्व तिमोर ही त्यांतलीच एक. तिथे ‘फ्रेटिलिन’ या स्वातंत्र्यवादी पक्षाने २८ नोव्हेंबर १९७५ रोजी स्वातंत्र्य जाहीर केलं. ते नऊ दिवस टिकलं. ७ डिसेंबरला इंडोनेशियाचे सैनिक डिलीत उतरले, आणि पुढच्या जुलैत तो आपला सत्ताविसावा प्रांत असल्याचं जकार्ताने जाहीर करून टाकलं. त्यानंतरच्या काळात किती माणसं गेली? तिमोरच्या सत्यशोधन आयोगाचा अगदी सावध आकडा किमान १,०२,८०० आहे. त्यातले १८,६०० मारले गेले किंवा गायब झाले. बाकीचे भुकेने आणि आजाराने गेले, कारण लोकांना डोंगरातून हुसकावून छावण्यांत कोंडलं होतं आणि शेतं ओस पडली होती. त्या वेळी सगळी लोकसंख्या सहा-सात लाखांच्या आत-बाहेर होती, हे लक्षात घेऊन हा आकडा वाचायचा.

इथे आपल्या बाजूचा एक धागा आहे आणि तो फारसा अभिमानाचा नाही. तिमोर १८४४ पर्यंत गोव्यातून चालणाऱ्या पोर्तुगीज ‘इश्तादु द इंडिया’चा भाग होता, हजारो मैलांवरच्या त्या बेटाचा कारभार मांडवीकाठावरून पाहिला जाई. डिसेंबर १९७५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत इंडोनेशियाने सैन्य मागे घ्यावं असा ठराव आला, तेव्हा विरोधात मत देणाऱ्या दहा देशांत भारत होता. पोर्तुगालच्या वसाहतीत सैन्य घालण्याचा प्रश्न निघाला की दिल्लीला १९६१ चा गोवा आठवणार, असं मानायला जागा आहे. पण दोन्हींत फरक केवढा! गोमंतकीयांना जानेवारी १९६७ मध्ये विचारलं गेलं की महाराष्ट्रात यायचं की वेगळं राहायचं. त्यांनी वेगळं राहायचं म्हटलं, आणि मुंबईत कितीही हळहळ झाली तरी तो कौल पाळला गेला. तिमोरी लोकांना विचारायला १९९९ उजाडावं लागलं. ३० ऑगस्ट १९९९ रोजी ९८ टक्क्यांहून अधिक मतदार रांगेत उभे राहिले आणि ७८.५ टक्क्यांनी इंडोनेशियातल्या स्वायत्ततेला नकार दिला, म्हणजे स्वातंत्र्य निवडलं. हे सार्वमत घ्यायचं ठरवलं ते हबीबींनी, म्हणून तो पूल.

निकालाची किंमत लगेच वसूल झाली. लष्कराने पोसलेल्या सशस्त्र टोळ्यांनी सुमारे १,४०० माणसं मारली, देशातल्या सत्तर टक्क्यांच्या आसपास इमारती आणि सोयी उद्ध्वस्त केल्या, आणि अडीच लाख लोकांना पळवून किंवा पळायला लावून पश्चिम तिमोरमध्ये नेलं. ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखालचं आंतरराष्ट्रीय सैन्य २० सप्टेंबरला उतरलं तेव्हा डिली धुमसत होतं. मग अडीच वर्षं संयुक्त राष्ट्रांचा कारभार आणि २० मे २००२ रोजी स्वातंत्र्य.

आता त्या दिवशीच्या नव्या सरकारच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. बेटाचा अर्धा भाग इंडोनेशियाचा. देशाचा ओएकुसी हा तुकडा तर तिन्ही बाजूंनी इंडोनेशियाने वेढलेला. तिथे जायचं तर राजधानीतून रात्रभराचा बोटीचा प्रवास. बाजारात तांदूळ, साबण, नूडल्स, सिमेंट यांतलं बरंचसं इंडोनेशियाचं. शिकलेली पिढी इंडोनेशियन भाषेत शिकलेली. सीमेपलीकडे पळून गेलेल्या टोळ्या अजून तिथेच, आणि त्यांना आवरायचं की सोडायचं हे जकार्ताच्या हातात. आपल्याकडे पाण्यात राहून माशाशी वैर नको म्हणतात. तिमोरच्या दंतकथेत तर हे बेटच एका मगरीचं शरीर आहे, आणि तिथे मगरीला आजोबा म्हणतात. कदाचित म्हणूनच स्वातंत्र्यलढ्याचे नेते शनाना गुज्माव यांना हे गणित चटकन उमजलं असावं. जकार्ताच्या चिपिनांग तुरुंगात वर्षानुवर्षं काढलेला हा माणूस राष्ट्राध्यक्ष झाला आणि स्वातंत्र्याच्या सोहळ्याला त्याने इंडोनेशियाच्या राष्ट्राध्यक्ष मेगावती यांना बोलावलं. २००४ मध्ये बालीत त्यांनी जनरल विरांतो यांना मिठी मारली. विरांतो १९९९ मध्ये इंडोनेशियाचे लष्करप्रमुख होते, आणि संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने चालणाऱ्या डिलीतल्या गंभीर गुन्हे विभागाने आदल्याच वर्षी त्यांच्यावर मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचं आरोपपत्र ठेवलं होतं.

त्या मिठीचं छायाचित्र पाहून अनेकांच्या पोटात ढवळून आलं असेल, आणि ते मला समजतं. पण दुसरा मार्ग कोणता होता? त्या विभागाने जवळजवळ चारशे जणांवर आरोप ठेवले. त्यातले बहुतेक सीमेपलीकडे होते आणि इंडोनेशिया कुणालाही सोपवणार नव्हता. जकार्ताने स्वतःच्या खास न्यायालयात अठरा जणांवर खटले चालवले. सहा दोषी ठरले, पण अपिलात सगळेच सुटले. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीला इंडोनेशियासारख्या मोठ्या देशावर आंतरराष्ट्रीय न्यायालय लादण्यात रस नव्हता. अशा वेळी आरोपपत्र घेऊन एकट्याने सीमेवर उभं राहणं बाणेदार दिसलं असतं, पण त्याने एकही जनरल तुरुंगात गेला नसता, उलट ओएकुसीचा रस्ता बंद झाला असता.

२००५ मध्ये दोन्ही देशांनी मिळून ‘सत्य आणि मैत्री आयोग’ नेमला. नावातच सौदा आहे. सत्य सांगायचं, पण मैत्रीला धक्का लागेल असं काही करायचं नाही. माफी सुचवण्याचा अधिकार आयोगाला दिलेला असल्याने संयुक्त राष्ट्रांनी त्याच्यावर बहिष्कार टाकला. मीही या आयोगाकडे थट्टेनेच पाहत होतो. तरी २००८ चा त्याचा अहवाल अपेक्षेपेक्षा सरळ निघाला. १९९९ च्या अत्याचारांना इंडोनेशियाचं लष्कर, पोलीस आणि प्रशासन संस्था म्हणून जबाबदार होते, असं त्यात लिहिलं गेलं, आणि ते इंडोनेशियन सदस्यांच्या सह्यांनिशी. इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष युधोयोनो यांनी खेद व्यक्त केला. क्षमा मागितली नाही. एकाही माणसाला शिक्षा झाली नाही. पण ‘घडलंच नाही’ म्हणण्याची सोय जकार्ताने स्वतःच्या हाताने बंद केली, आणि माझ्या लेखी ही छोटी गोष्ट नाही.

सौदा कुठपर्यंत ताणला जाऊ शकतो हे पुढच्याच वर्षी दिसलं. सप्टेंबर १९९९ मध्ये सुआईच्या चर्चमध्ये आसऱ्याला आलेल्या लोकांची आणि तीन धर्मगुरूंची कत्तल झाली होती. तिच्यातला आरोपी मार्टेनुस बेरे ऑगस्ट २००९ मध्ये सीमा ओलांडून आला आणि पकडला गेला. सार्वमताला दहा वर्षं झाल्याचा सोहळा तोंडावर होता. इंडोनेशियाने डोळे वटारले, आणि नेमक्या ३० ऑगस्टला डिली सरकारने बेरेला तुरुंगातून काढून इंडोनेशियाच्या वकिलातीच्या हवाली केलं. न्यायाधीशाचा हुकूम नव्हता. मिठी आणि आयोग यांचं समर्थन मी करतो, याचं करत नाही. जनरल तुमच्या हाती लागत नव्हते, ही परिस्थिती होती. हाती लागलेला आरोपी न्यायालयाला बगल देऊन सोडणं हा निर्णय होता. स्वतःच्याच न्यायसंस्थेला शेजाऱ्यासमोर असं उघडं पाडलं, की त्याचा फायदा पुढे त्या शेजाऱ्यालाच होतो.

गंमत अशी, की याच तिमोरने दुसऱ्या शेजाऱ्याशी कडाडून भांडण केलं, आणि तो शेजारी म्हणजे १९९९ चा तारणहार.

ऑस्ट्रेलियाची वागणूक खरं तर आधीपासूनच दुटप्पी होती. दुसऱ्या महायुद्धात तिमोरी लोकांनी ऑस्ट्रेलियन सैनिकांना जपानी फौजांपासून लपवलं, खाऊ घातलं, आणि त्यापायी जिवानिशी गेले. पुढे इंडोनेशियाने बेट गिळल्यावर त्या सामिलीकरणाला कायदेशीर मान्यता देणाऱ्या मोजक्या देशांत ऑस्ट्रेलिया होता. कारण समुद्राच्या तळाशी होतं: तेल आणि वायू. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशिया यांनी ‘तिमोर गॅप’ हा समुद्राचा पट्टा वाटून घेण्याचा करार केला, ज्याचा समुद्र होता त्याला न विचारता. स्वातंत्र्य दोन महिन्यांवर आलं असताना, मार्च २००२ मध्ये, सागरी सीमांच्या वादात आंतरराष्ट्रीय न्यायालयाची सक्तीची अधिकारकक्षा आपल्याला लागू नाही असं कॅनबेराने कळवून टाकलं. नवा शेजारी उद्या कोर्टात जाईल म्हणून आजच दाराला आतून कडी.

मग २००६ चा करार आला. ‘ग्रेटर सनराइज’ वायुक्षेत्राचं उत्पन्न निम्मं-निम्मं, आणि सागरी सीमेचा विषय पन्नास वर्षं काढायचा नाही. त्याच्या वाटाघाटी चालू असताना, २००४ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या गुप्तहेर खात्याने डिलीतल्या मंत्रिमंडळाच्या कार्यालयात ध्वनिग्राहक बसवले होते. मदत म्हणून इमारत दुरुस्त करायला आलेल्यांच्या आडून! समोरच्याने पानं कशी धरली आहेत हे पाहून खेळलेला डाव. हे बाहेर आलं तेव्हा ऑस्ट्रेलियाने फोडणाऱ्यालाच पकडलं. ‘साक्षीदार के’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माजी हेराला शिक्षा झाली आणि त्याचे वकील बर्नार्ड कोलारी यांच्यावर चार वर्षं खटला लोंबकळत राहिला. २०२२ मध्ये सरकार बदललं आणि तो मागे घेतला गेला.

तिमोरने काय केलं? कोलारींच्या कार्यालयातून जप्त केलेल्या कागदपत्रांसाठी हेगच्या न्यायालयात गेला आणि मार्च २०१४ मध्ये ती सीलबंद ठेवण्याचा आदेश मिळवला. एप्रिल २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्यातल्या सक्तीच्या सलोखा प्रक्रियेचा दरवाजा ठोठावला. तो दरवाजा आधी कुणीच उघडला नव्हता. ऑस्ट्रेलियाने न्यायालयाला कडी लावली, पण ही खिडकी उघडी राहिली होती. ६ मार्च २०१८ रोजी न्यूयॉर्कमध्ये नवा करार झाला. सीमा बव्हंशी दोन्ही किनाऱ्यांमधल्या मध्यरेषेवर आली. सनराइजचा वायू नळाने तिमोरला आला तर उत्पन्नाचा सत्तर टक्के वाटा त्याचा, ऑस्ट्रेलियाला गेला तर ऐंशी टक्के. तो वायू अजून समुद्राखालीच आहे, कारण नळ कुठे न्यायचा यावरची ओढाताण काही संपलेली नाही. पण रेषा तर मिळाली.

एकाला मिठी, दुसऱ्याला नोटीस, हे कसं? तिमोरचे टीकाकार याला ढोंग म्हणतात. माझ्या मते हा देश शेजाऱ्याचा मर्मबिंदू ओळखून चालला. ऑस्ट्रेलिया दक्षिण चीन समुद्रातल्या वादात इतरांना सागरी कायद्याचे धडे देत होता. तोच कायदा त्याच्यासमोर धरला की त्याला लाज वाटणं भाग होतं. जकार्ताला १९९९ बद्दल लाजवेल असं व्यासपीठ नव्हतं, आणि जे होतं तिथे जकार्ता गेलंच नसतं. पूर्व तिमोरच्या वतीने पोर्तुगालने ऑस्ट्रेलियावर भरलेल्या दाव्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९९५ मध्ये हेच सांगितलं होतं: तिमोरी लोकांचा स्वयंनिर्णयाचा हक्क सगळ्या जगावर बंधनकारक आहे, पण इंडोनेशिया समोर नसताना आम्ही निवाडा करू शकत नाही. मोठं तत्त्व आणि रिकामे हात. छोट्या देशाने त्यातून जो धडा घ्यायचा तो घेतला.

इथवर मी डिलीच्या बाजूने आहे. यापुढे नाही.

तिमोरच्या स्वतःच्या सत्यशोधन आयोगाने २००५ मध्ये अहवाल दिला. त्याचं नाव ‘शेगा!’, म्हणजे पोर्तुगीजमध्ये ‘पुरे!’. हजारो जबान्या, अडीच हजारांवर पानं. त्यात शिफारस होती की पीडितांना भरपाई द्यावी: ज्यांच्यावर बलात्कार झाले त्या बायका, छळाने अपंग झालेले, विधवा, अनाथ. पैसे इंडोनेशियाने द्यावेत, आणि त्याला शस्त्रं विकणाऱ्या बड्या देशांनीही. शनाना गुज्माव यांनी हा अहवाल संसदेत ठेवताना या मागणीला विरोध केला. त्यांचा सूर असा, की स्वातंत्र्य मिळालं हाच न्याय. परदेशांकडून पैसे मागण्याबद्दल ते बरोबर असतील. पण शिफारशीचा दुसरा भाग देशाने आपल्या तिजोरीतून करायचा होता, आणि तिजोरी रिकामी नव्हती. २००५ मध्येच स्थापन झालेला पेट्रोलियम निधी पुढे सुमारे १८ अब्ज डॉलरपर्यंत गेला. आयोगाने स्वतः तातडीची मदत म्हणून सुमारे सातशे जणांना दोनशे-दोनशे डॉलर दिले होते. २०१० मध्ये भरपाईच्या कायद्याचा मसुदा संसदेत आला. चर्चा पुढे ढकलली गेली, पुन्हा ढकलली गेली, मग मसुदा बासनात गेला.

त्याच काळात माजी लढवय्यांच्या निवृत्तिवेतनावर भरभक्कम खर्च सुरू झाला. लढवय्यांना पैसे मिळू नयेत असं मी म्हणत नाही. पण लढ्यात किती वर्षं होता, कोणत्या हुद्द्यावर होता, हे ज्याला सिद्ध करता येतं त्याला पैसे. आणि छावणीत उपाशी मेलेल्या मुलाच्या आईला काही नाही, कारण उपासमार हा हुद्दा नाही. बंदूक हाती होती त्यांचा पक्ष होता, मतं होती, गरज पडल्यास दंगा करण्याची ताकद होती. २००६ मध्ये सैन्यातल्या असंतोषातून देश पुन्हा पेटला आणि लाखाहून अधिक लोक बेघर झाले, तेव्हापासून त्या ताकदीची भीती प्रत्येक सरकारच्या मनात आहे. पीडितांची भीती कुणालाच वाटत नव्हती.

यावर नेहमीचं उत्तर मिळतं: जुन्या जखमा उकरल्या तर इंडोनेशिया बिथरेल. हे मला पटत नाही. डिलीने आपल्या पैशातून आपल्या नागरिक बाईला दरमहा काही डॉलर दिले, तर जकार्ताने कशाला बिथरावं? २००८ च्या संयुक्त अहवालावर त्यांच्याच सह्या आहेत. उलट भरपाई केली असती तर सलोख्याला घरात आधार मिळाला असता. आज सलोखा हा वरच्या मजल्यावरच्या लोकांचा करार आहे. तुरुंग भोगलेले नेते आणि त्यांना तुरुंगात टाकणाऱ्यांचे वारस एकमेकांना ओळखतात, मान देतात, विनोदही करतात. इंडोनेशियाचे आजचे राष्ट्राध्यक्ष प्राबोवो तरुणपणी लष्करी अधिकारी म्हणून तिमोरमध्येच कामगिरीवर होते. त्यांच्याशी डिलीचे संबंध उत्तम आहेत, आणि ते तसे असावेतच. पण इंडोनेशियाच्या ताब्याच्या वर्षांत सैनिकांनी आणि अधिकाऱ्यांनी हजारो तिमोरी मुलं इंडोनेशियात नेली, नवी नावं दिली, बऱ्याचदा नवा धर्म दिला. त्यांतली काही आता चाळिशी-पन्नाशीची माणसं होऊन, स्वयंसेवी संस्थांच्या मदतीने, घराचा माग काढत परत येतात. आईशी बोलायला त्यांना दुभाषी लागतो. बेपत्ता माणसांचा शोध दोन्ही देशांनी मिळून घ्यावा असं मैत्री आयोगाच्याच शिफारशींत होतं. एवढी मैत्री असताना हे काम स्वयंसेवी संस्थांवर का सोडावं?

‘आसियान’मध्ये गेल्यावर हा प्रश्न आणखी आतला होणार. तिथला शिरस्ता म्हणजे शेजाऱ्याच्या घरातल्या गोष्टीत पडायचं नाही. १९७५ नंतर याच शिरस्त्याच्या आडोशाने तिमोर मरत होता. म्यानमारच्या बाबतीत डिलीने सुरुवातीला हा शिरस्ता जुमानला नाही, लष्करशाहीच्या विरोधकांना भेट दिली, आणि २०२३ मध्ये म्यानमारने तिमोरच्या दूतावासाच्या प्रमुखाला देशाबाहेर काढलं. मला ते आवडलं होतं. सदस्यत्वानंतर हा आवाज टिकतो का, यावर माझं लक्ष राहील. भारताचाही तिमोरमध्ये वकिलात उघडण्याचा निर्णय झाला आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू डिलीला जाऊन आल्या. १९७५ च्या त्या मताबद्दल कुणी अवाक्षर काढलं असेल असं वाटत नाही. सलोख्याची सवय आपल्यालाही सोयीचीच.

बायू-उंडान या समुद्रातल्या तेल-वायूच्या क्षेत्रातलं उत्पादन २०२५ मध्ये थांबलं. पेट्रोलियम निधीत तेलाच्या पैशाची नवी भर आता जवळजवळ नाही, आणि सनराइज कधी सुरू होईल त्याचा नेम नाही. भरपाईचा मसुदा अजून संसदेच्या कपाटात आहे. सत्यशोधन आयोगाचं दफ्तर डिलीतल्या बालिदे भागात आहे. ती इमारत पूर्वी तुरुंग होती. पोर्तुगिजांनी आणि नंतर इंडोनेशियाने लोकांना कोंडलेल्या खोल्या तशाच आहेत. तिथे जबान्या नीट जपून ठेवल्या आहेत, प्रत्येक पेटीवर क्रमांक आहे. आक्रमणाच्या वर्षी जी पोर वीस वर्षांची होती, तिने आता सत्तरी गाठली आहे.